वाफ नेमकी कुठे द्यायची?

इटालियन भाषेत कापडाच्या जवळजवळ प्रत्येक वळणाला 'पिएगा' म्हणून भागतं. घडी घातली की पिएगा, चुणी शिवली की पिएगा, आणि पेटीत दाबून सुरकुती पडली तरी बोलताना तीही पिएगाच. अनेक झाल्या की 'पिएगे'. इंग्रजीत फोल्ड, प्लीट आणि क्रीज हे तीन शब्द वेगळे आहेत, जसे आपल्याकडे घडी, निरी आणि सुरकुती. इंग्रजीतून इटालियनमध्ये जाताना हे तिन्ही एकाच शब्दात गोळा होतात. त्यापायी एका प्रदर्शनाच्या मांडणीच्या दिवशी जे घडता घडता राहिलं, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मी मिलानमध्ये राहते आणि वस्त्रोद्योगाचे इंग्रजी मजकूर इटालियनमध्ये आणते. इटालियन माझी मातृभाषा नाही, म्हणून माझा प्रत्येक खर्डा एक इटालियन सहकारी वाचते. बाहेरच्यांना वाटतं की या कामात शब्दकोश उघडून बसायचं असतं. खरं तर निम्मा वेळ मूळ लेखकाच्या डोळ्यांपुढे कुठलं कापड होतं, हे शोधण्यात जातो. कापड कळलं की इटालियन शिंप्याकडे शब्दांची कमतरता नाही. विरुद्ध दिशांना दुमडून पेटीसारखी उभी राहणारी चुणी म्हणजे 'कान्नोने'. तीच आतल्या बाजूला वळवली की 'स्फोन्दोपिएगा'. एकाच दिशेने पाडलेल्या धारदार चुण्या म्हणजे 'आ कोल्तेल्लो', सुरीच्या पात्यासारख्या. दोरा ओढून गोळा केलेलं कापड ही चुणीच नव्हे, ती 'आर्रिच्चातूरा'. कमरेशी अरुंद आणि खाली सूर्यकिरणांसारख्या फाकत जाणाऱ्या बारीक चुण्यांना 'प्लिस्से सोलेई' हे फ्रेंच नावच चालतं. कारागिराला यातला नेमका शब्द मिळाला की तो पुढे एक प्रश्न विचारत नाही.

'ड्रेप' हा त्याहून अवघड. कापड अंगावर किंवा पुतळ्यावर हाताने रचणं म्हणजे ड्रेप, आणि कापडाचा आपोआप पडण्याचा गुण म्हणजेही ड्रेपच. प्रयोगशाळेत हा गुण मोजतात. 18 सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर 30 सेंटिमीटर व्यासाचं गोल कापड ठेवायचं, कडेने ते लोंबतं, आणि त्याच्या सावलीच्या क्षेत्रफळावरून गुणांक काढायचा. त्या अहवालात 'द्रापेज्जो' लिहिणं बरोबर आहे. पण गिरणीतला माणूस तसं बोलत नाही. तो कापड चिमटीत धरून 'कादेन्ते' म्हणतो, म्हणजे छान पडणारं. चित्रातल्या किंवा संगमरवरात कोरलेल्या वस्त्राला तिसराच शब्द आहे, 'पान्नेज्जो'. लिओनार्दो दा विंची मातीच्या पुतळ्यांवर चिखलात बुडवलेली फडकी टाकून त्यांचा अभ्यास करायचा असं कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने लिहून ठेवलंय. ते अभ्यास पान्नेज्जोचे. पुतळ्यावर टाचण्या लावून घातलेल्या झग्याला कोणी पान्नेज्जो म्हटलं की मला राहवत नाही, मी ते खोडतेच.

तर काम असं होतं. इंग्लंडमधल्या एका खासगी संग्रहातले 1900 ते 1940 च्या काळातले पोशाख मिलानजवळच्या एका गावात प्रदर्शनाला येणार होते. प्रत्येक पेटीबरोबर हाताळणीच्या सूचनांचं एक पान. मजकूर थोडका, पण तोलून लिहिलेला. त्यातली तीन वाक्यं कळीची होती. प्रवासात पडलेल्या क्रीज वाफेने सैल कराव्यात. प्लीट्सना हात लावू नये. जुन्या फोल्डच्या खुणा तशाच ठेवाव्यात. मी पहिल्यासाठी 'ग्रिन्त्से' वापरला, दुसऱ्यासाठी 'प्लिस्सेत्तातूरा', आणि तिसऱ्यासाठी 'घडी घातल्याच्या जुन्या खुणा' असं उलगडून लिहिलं. एका पोशाखाच्या टिपणात ड्रेप हे क्रियापद लागोपाठ दोनदा आलं होतं: स्कर्टला ड्रेप होऊ द्या, त्याला ड्रेप करू नका. तिथे एकदा 'पडू द्या' आणि एकदा 'रचू नका' असं केलं. पान एजन्सीकडे पाठवून दिलं.

एजन्सीच्या तपासनिसाने ते आपल्या भाषांतर-स्मृतीतून गाळून काढलं. ही स्मृती म्हणजे आधीच्या कामांतल्या वाक्यांचा साठा, आणि तिथला कापडविषयक साठा जवळजवळ सगळा तयार पडद्यांच्या विक्रीचा होता. पडद्याच्या जगात सगळंच पिएगे. त्याने एकसारखेपणासाठी माझे तिन्ही शब्द बदलून पिएगे केले आणि मला न कळवता पान पुढे धाडलं. त्याचं व्याकरण निर्दोष असतं, स्वल्पविरामसुद्धा चुकत नाही. पण ज्याने आयुष्यात कधी कापड हातात घेऊन पाहिलं नाही, त्याच्याकडे असा मजकूर तपासायला देणं हा कामचुकारपणा आहे आणि तो व्यवस्थेचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मांडणीच्या दिवशी मी दुभाषी म्हणून तिथे होते. संग्रहाकडून आलेल्या बाई एकेक पेटी उघडून पोशाखाची स्थिती नोंदवून घेत होत्या, मी दोन्हीकडचं बोलत होते. दालनाच्या दुसऱ्या टोकाला पुतळ्यांवर पोशाख चढवणाऱ्या सिन्योरा, म्हणजे इटालियन बाई, आणि त्यांचा तरुण मदतनीस. सिन्योरांचं आयुष्य शिवणकामात गेलेलं, आता त्या प्रदर्शनांसाठी पुतळे सजवतात. त्यांच्या टेबलावर फॉर्तुनीचा 'डेल्फॉस' नावाचा रेशमी झगा होता.

हा पोशाख प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मारियानो फॉर्तुनी हा स्पेनमध्ये जन्मलेला आणि व्हेनिसमध्ये स्थिरावलेला कलावंत. त्याने आणि त्याची सहचरी हेन्रिएत हिने 1907 च्या सुमारास हा झगा घडवला, आणि चुण्यांच्या तंत्राचं पेटंट 1909 मध्ये पॅरिसला घेतलं. रेशमाचे पन्ने जोडून केलेली एक साधी नळी, आणि तिला वरपासून खालपर्यंत उभ्या, अतिशय बारीक चुण्या. त्या यंत्राने पाडल्यासारख्या एकसारख्या नाहीत. कुठे दाट, कुठे विरळ, मध्येच एखादी दुसरीत शिरलेली. बाजूच्या शिवणींवर दोरीत ओवलेले मुरानोचे काचमणी असतात, त्यांच्या वजनाने रेशीम अंगासरशी राहतं. ठेवताना झगा घडी न घालता सुताच्या लडीसारखा पिळून छोट्या गोल डब्यात ठेवायचा. चुण्या कशा पाडल्या जात, हे आजही पुरतं उलगडलेलं नाही. पॉलिएस्टरला उष्णतेने पाडलेली चुणी कायमची बसते, रेशमाचं तसं नाही. पाणी लागलं की ती सुटते. त्या काळात झगा भिजला तर तो पुन्हा चुण्या पाडून घ्यायला फॉर्तुनीकडे पाठवावा लागे. आज पाठवणार कुणाकडे?

मदतनिसाने वाफेच्या यंत्रात पाणी भरून ते तापत ठेवलं होतं. पोरगा कामसू होता, पानात लिहिलंय तेच करत होता. पान म्हणत होतं: प्रवासातल्या पिएगे वाफेने सैल कराव्यात. खालच्याच ओळीत: पिएगेंना हात लावू नये. त्याने पहिली ओळ वाचून तयारी केली होती. सिन्योरांनी दोन्ही ओळी वाचल्या, यंत्राची वायर काढली आणि मला हाक मारली.

"सिन्योरा, तुम्ही जरा हे वाचता का? यातल्या कुठल्या पिएगे?"

मी वाचलं आणि अंगावर काटा आला. मी लिहिलेलं एकही नाम तिथे उरलं नव्हतं. मी त्यांना मूळ इंग्रजी वाक्यं एकेक करून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि झग्यावर बोट न टेकवता, वरूनच दाखवत विचारायला लागल्या.

"ही कोणी पाडली?"

"बनवणाऱ्याने."

"आणि ही?"

ती खालच्या घोळाजवळ चुण्यांना आडवी गेली होती. मी संग्रहाच्या बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, डब्यातल्या पिळाची, आणि तीही राहू दे. थोडक्यात, त्या झग्यावर वाफ देण्याजोगं काहीच नव्हतं. वाफेची ओळ बाकीच्या सुती आणि लोकरी पोशाखांसाठी होती, पण पान प्रत्येक पेटीत एकच घातलेलं. सिन्योरांनी मदतनिसाला पाणी ओतून यायला सांगितलं. मी तिथेच उभी राहून प्रत्येक पानावर पेनाने दुरुस्त्या केल्या आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या.

एजन्सीला मी सविस्तर लिहिलं. उत्तर आलं की शब्दांचा एकसारखेपणा हा त्यांच्या दर्जाचा निकष आहे, पण या ग्राहकापुरती स्मृती वेगळी ठेवू. पुढच्या ग्राहकाचं काय, यावर काही नाही.

मला खरं सतावतंय ते निराळंच. समजा माझा 'ग्रिन्त्से' तसाच छापला गेला असता. डेल्फॉस पहिल्यांदाच पाहणाऱ्या त्या मुलाला त्या वेड्यावाकड्या चुण्या ग्रिन्त्सेच वाटल्या नसत्या कशावरून? सुरकुती आणि चुणी यांतला फरक तिथे डोळ्यांना दिसतच नाही. शब्द अचूक असूनही यंत्र तापलंच असतं. सिन्योरा वळणाच्या आकाराकडे गेल्याच नाहीत, त्यांनी ते कोणी पाडलं हे विचारलं, आणि घोटाळा तिथल्या तिथे मिटला. आपल्याकडे बायका पैठणीच्या घड्या अधूनमधून बदलून ठेवतात, कारण एकाच मोडीवर जरीचं कापड चिरतं. त्या बायकांनाही कुठली मोड कपाटाची आणि कुठली नेसण्याची हे विचारावं लागत नाही.

तेव्हापासून अशा मजकुरात मी नुसतं नाम लिहीत नाही. 'शिवताना घातलेल्या', 'प्रवासात पडलेल्या', 'साठवणीतल्या घडीच्या' असं प्रत्येकीमागे जोडते. वाक्य लांबतं, आणि इटालियन सहकारी म्हणते की ते कानाला जड लागतं. ती म्हणते ते बरोबर आहे. तरीही मी ते तसंच ठेवते, आणि मूळ इंग्रजीत हे सांगितलेलं नसेल तर संग्रहाला पत्र टाकून विचारते. परवा एकांनी उलट विचारलं की भाषांतरकाराला हे कशाला हवं. त्यांना मी त्या पानाची दुरुस्त केलेली प्रत पाठवली आहे.