पद्मिनी घरच्या घरी : आधी पत्रा, मग बाकी सगळं

जुनी गाडी घरी करायला घेतलीय असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कलर कुठला मारणार? मला वाटतं इथंच निम्म्या गाड्या वाया जातात. कलर सगळ्यात शेवटी. पद्मिनी (प्रीमियर पद्मिनी, जुनी फियाट) असेल तर कलरचा विचार करायच्या आधी गाडीखाली झोपायचं, हातात टॉर्च आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा आणि पत्रा टोचून बघायचा. जिथं टोक आत जातंय तिथं काम आहे, मग वरून कितीही चकचकीत दिसू दे.

आमची १९७९ ची आहे. काकांची गाडी, बरीच वर्षं त्यांच्या शेडमध्ये उभी होती, आता कोल्हापुरात माझ्या पोर्चमध्ये आहे आणि रविवार, सुट्ट्या, जमेल तशी संध्याकाळ असं काम चाललंय. या कामात जे शिकलो, जे मिस्त्री लोकांकडनं समजून घेतलं, ते लिहितोय, कारण मराठीत हे सगळं एका ठिकाणी मला तरी मिळालं नाही.

पत्र्यावर एवढा जोर का देतोय ते सांगतो. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. इटलीत १९५३ मध्ये फियाटने ११००/१०३ आणली तेव्हा वेगळी चॅसी (खालची लोखंडी फ्रेम) काढूनच टाकली, बॉडी हीच चॅसी. आपल्याकडं कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियरने याच घराण्यातली गाडी बनवली, १९६४ पासून डिलाइट, नंतर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. जुन्या जीपला खाली फ्रेम असते, वरचा पत्रा सडला तरी फ्रेम भार पेलते. इथं तसं नाही. दाराखालचा जो पोकळ लांब पत्रा असतो, सिल म्हणतात तो, मग खालचा फ्लोअर, आणि मागचे पाटे जिथं बॉडीला अडकतात तो भाग, हे सगळं मिळून गाडी उभी आहे. हे सडलं म्हणजे गाडीची हाडं सडली. आणि गंज नेमका इथंच धरतो, कारण दारांच्या तळाला पाणी जायला भोकं असतात ती मातीनं बुजतात, कार्पेटखाली ओल राहते, आणि कोल्हापूरचा पावसाळा कसा असतो हे काय सांगायला नको.

बऱ्याच ठिकाणी काय करतात, सडलेल्या जागेवर जाळी किंवा पत्र्याचा तुकडा चिकटवून वरून लांबी (पुट्टी) भरतात, घासतात, कलर मारतात, गाडी सहा महिने मस्त दिसते. लांबी वाईट नाही, पत्र्यावरचा बारीक खड्डा भरायला ती लागतेच, पण सडलेल्या पत्र्याला लांबी हे उत्तरच नाही. आत गंज चालूच राहतो, फक्त आपल्याला दिसत नाही.

सिल बदलायची असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा आणि तिरका लोखंडी अँगल टॅक मारून (वेल्डिंगच्या टाक्यांनी तात्पुरता जोडून) घ्यायचा, आणि गाडी सपाट जमिनीवर चारी बाजूनं स्टँडवर नीट टेकलेली पाहिजे, नुसत्या जॅकवर अजिबात नाही. नाहीतर सिल कापली की बॉडी मधनं खचते, तुम्ही त्याच स्थितीत नवीन पत्रा वेल्ड करता आणि मग दार आयुष्यभर लागत नाही. आम्ही प्रत्येक टप्प्याला दार लावून बघत होतो, दाराची फट वरपासनं खालपर्यंत सारखी आहे का ते बघायचं, हीच खरी मोजपट्टी. वेल्डिंग मिगचं केलं, सलग ओळ न ओढता लांब लांब अंतरावर टाके मारत, कारण पातळ पत्र्याला एकाच जागी जास्त उष्णता दिली की तो वळतो. आणि सगळ्यात शेवटी पोकळ भागात आतनं वॅक्स मारायचं, हे बहुतेकजण सोडून देतात आणि हेच सगळ्यात जास्त टिकवतं.

इंजिनबद्दल फार लिहीत नाही, कारण ते खरंच सोपं आहे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, पुशरॉडवाले व्हॉल्व्ह, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. बरीच वर्षं उभं असलेलं इंजिन थेट सेल्फ मारून फिरवू नका एवढंच, आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या आणि मग पुलीच्या नटाला पाना लावून हातानं हळूहळू फिरवा. आमचं मोकळं झालं, पण पिस्टनची झीज होतीच. शिवाजी उद्यमनगरात एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांना सगळे मामाच म्हणतात, मी गेल्या गेल्या रिबोरचं (सिलिंडर आतनं कापून मोठा करायचं) विचारलं तर म्हणाले, “पोरा, आधी बोअरचं माप घेऊ, मग बोलू.” वर, मध्ये, खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घेतलं त्यांनी, मग सांगितलं कुठला ओव्हरसाइज पिस्टन लागेल ते. कोल्हापूरकर या बाबतीत खरंच नशीबवान आहेत, लेथ, फेसिंग, क्रँक ग्राइंडिंग, बुश बनवणं, सगळं एकाच परिसरात होतं आणि काम करणारी माणसं जुन्या गाडीला नाक मुरडत नाहीत.

पार्टचं मात्र अवघड होत चाललंय. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं, तरी पुढची वीस वर्षं पार्ट मिळत राहिले याचं मोठं कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी. हजारो गाड्या रोज रस्त्यावर असल्या की किंगपिन, वॉटर पंप, ब्रेकचे रबर किट बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक असतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये पासिंग झाली होती, वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरनं गेली. ती बातमी वाचून मला फार वाईट वाटलं होतं. आता कुर्ल्यात, पुण्याच्या जुन्या बाजारात (बुधवार, रविवार) जे हाताला लागेल ते घेऊन ठेवायचं, विशेषतः काचा, त्रिकोणी काचेच्या कड्या, मागच्या लाइटची भिंगं. इंजिनचं काहीही लेथवर करता येतं हो, भिंग कोण बनवून देणार?

आता कस्टमाइज करायचा विषय, ज्यावर आमच्या ग्रुपमध्ये कायम वाद होतो. एक मित्र मागं लागलाय की स्टिअरिंगवरचा गिअर काढून खाली घे, बकेट सीट टाक, जमलं तर नवीन इंजिनच बसव. माझं म्हणणं साधं आहे, जे बोल्ट काढून पुन्हा मूळ स्थितीत आणता येईल ते सगळं करा, जिथं पत्रा कापावा लागतो तिथं थांबा. स्टिअरिंगवरचा गिअर आणि पुढचं सलग सीट हाच तर त्या गाडीत बसायचा आनंद आहे, लहानपणी पुढं तिघं बसायचो आम्ही.

याला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवर नोंदलेल्या माहितीशी न जुळणारे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. कलर बदलला तरी आरटीओत नोंद करावी लागते. आणि २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी, नंबरमध्ये ‘व्हीए’ अक्षरं, नवीन नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन अशा कारणांसाठीच, त्यामुळं ती घ्यायची का नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण आमची गाडी २०२९ ला पन्नास वर्षांची होईल, आणि तो पर्याय मला आज ग्रायंडर मारून घालवायचा नाहीये.

मग मी काय काय बदललं? हेडलाइटला रिले (जास्त करंट स्वतः पेलणारे वेगळे स्विच) टाकले. जुन्या वायरिंगमध्ये लाइटचा सगळा करंट स्विचमधनं जातो, ६०/५५ वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे हाय बीमला दहा अँपिअर, स्विच तापतो आणि उजेड मेणबत्तीएवढा. रिलेनं स्विचवरचा भार गेला आणि उजेडात जमीन-अस्मानाचा फरक पडला. मूळ वायरिंग एकही कापली नाही. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला (डायनॅमो ग्रीस लावून, गुंडाळून माळ्यावर ठेवलाय). प्लगला ठिणगी देणाऱ्या जुन्या पॉइंट-कंडेन्सरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पुढं सीट बेल्ट लावले, त्याच्या बोल्टला मागनं जाड प्लेट दिली, नुसत्या पत्र्यात बोल्ट मारला तर झटका बसल्यावर तो पत्रा फाडून बाहेर येईल. ही चार भोकं मी मान्य केली, जिवाच्या पुढं ओरिजिनल वगैरे काही नाही. ब्रेक चारी चाकांना ड्रमच ठेवले, पण मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, होज आणि लोखंडी पाइप सगळं नवीन. ब्रेकमध्ये काटकसर करणाऱ्याशी मी वाद घालत बसत नाही, सरळ सांगतो की गाडी बाहेर काढू नको.

पेट्रोलचा मुद्दा राहिलाच. आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, आणि या गाड्यांचे रबरी होज, पंपाचा डायफ्रॅम त्याच्यासाठी बनलेलेच नाहीत. रबर मऊ पडतं, फुगतं, चिरतं, आणि गरम इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं, त्यामुळं उभ्या गाडीच्या टाकीत आतनं गंज. मी इथेनॉलला टिकणारे होज टाकले, पुढं फिल्टर लावला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल सडवत ठेवत नाही. उन्हाळ्यात व्हेपर लॉकचा (उष्णतेनं पेट्रोलची पाइपातच वाफ होऊन गाडी बंद पडायचा) त्रास आधीपासनंच आहे, पंप इंजिनलाच बसवलेला असल्यानं तापतो. पूर्वी लोक पंपावर ओलं फडकं टाकायचे, मी पेट्रोलचा पाइप सायलेन्सरपासनं लांब घेतलाय आणि पंपाखालची इन्सुलेशनची जाड पॅकिंग नवीन टाकलीय. घाट चढून बघितल्याशिवाय हे पुरेसं आहे का ते कळणार नाही, म्हणून पाऊस उघडला की आंबा घाट.

सीटचं काम अजून बाकी आहे. मूळ रेक्झिनच्या जवळचं कापड आणि तशाच उभ्या शिलाईच्या पट्ट्या करून देणारा कारागीर शोधतोय, सांगली-कोल्हापूरकडं कुणी माहितीत असेल तर नक्की कळवा. आणि हो, कलर. तो मूळचाच मारणार आहे, डॅशबोर्डच्या मागं ऊन न लागलेल्या जागी जुना फिका निळा जसाच्या तसा सापडलाय.