दार नव्वदावरच अडलं

गेल्या वर्षी कोल्हापूरजवळ पाचगावच्या अंगाला एका शाळेच्या दोन वर्गखोल्या बांधल्या. नकाशे माझे. मुख्याध्यापक सरांना खोलीत तीन कोपरे हवे होते : डोळ्यांनी शिकणाऱ्यांचा, कानांनी शिकणाऱ्यांचा, हातांनी शिकणाऱ्यांचा. कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलेलं.

कोपऱ्यांना मी नाही म्हटलं. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा मुलाला त्याच्या 'पद्धती'नं शिकवलं की जास्त येतं, याला पुरेसा पुरावा सापडला नव्हता. आणि चित्रं आवडणाऱ्या पोरानं काय उड्या मारायच्याच नाहीत? एकच गोष्ट बघायला, बोलायला, ढकलायला मिळू दे की.

म्हणून दाराखाली कोनमापक काढायचं ठरवलं. कल्पना माझी नव्हे, आर्किटेक्ट कबीर वाजपेयींच्या 'बाला'तली (बिल्डिंग ॲज लर्निंग एड). इमारतच शिकवण्याचं साधन करायचं. बिजागरीपाशी केंद्र धरून फरशीवर वर्तुळाचा कंस, दर १० अंशांना रेघ. दार ढकललं की कोन उघडतो.

ऑईलपेंट वाळल्यावर मी ऐटीत दार ढकललं. ९० वर जाऊन भिंतीला ठप्प! दार कोपऱ्यात घ्यायचं, म्हणजे उघडल्यावर आडव्या भिंतीला लागून राहतं, जागा खात नाही, ही माझी वीस वर्षांची सवय. विशालकोन सगळे शेजारच्या वर्गात गेलेले. गवंडी मामा बघत होते.
"साहेब, निम्मंच गणित झालं की ओ हे."

चौकट उलटी बसवली, दार व्हरांड्यात उघडायला लागलं. आता ते मागं बाहेरच्या भिंतीला टेकतं, पुरे १८०. खर्च माझ्या फीमधून, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही. बाहेर रंग पावसात टिकणार नाही म्हणून मामांनी शहाबादीत कटरनं खाचा मारून पांढरं सिमेंट भरलं. उरलेल्या काळ्या दगडात व्हरांड्याला चौदा इंचांचा कट्टाही घातला. तो कुणी मागितला नव्हता, पण कट्ट्याशिवाय कोल्हापुरात बोलणं कसं व्हायचं?

जुलैत गेलो तर पश्चिमेचा वारा भणाणत होता. दाराची आकडी पोरांनी मुद्दाम काढून ठेवलेली, सर वैतागलेले. कट्ट्यावर पाचवीची टोळी डबे उघडून बसलेली, नजरा खाली फरशीवर.
"ऐंशीच्या आत येतंय बघ."
"हॅट, शंभरावरच थांबतंय."
पैज शेंगदाण्याच्या चटणीची होती.