मार्च महाग आणि एप्रिल स्वस्त का दिसायचा

कुपवाड एमआयडीसीतल्या एका हळद पावडरच्या युनिटचं कॉस्टिंग मी बघते. मार्चएन्डला सांगलीच्या यार्डात नव्या हळदीची आवक जोरात असते, पॉलिशचे ड्रम सतत फिरत असतात आणि नेमकं तेव्हाच शेठनी बोलवून घेतलं. पॉलिशचा खर्च किलोला 5 रुपये 62 पैसे आला होता, एरवी 5 च्या आसपास असतो, म्हणजे मुकादम मामा मजूर जास्त लावतायत, यंदा त्यांच्या टीमचा बोनस कापायचा असं जवळजवळ ठरलंच होतं. मामा दारात उभे, काही बोलेनात. मला ते बघवेना.

आधी घट तपासली. साल, मुळं, माती निघून वजन कमी होणारच, ती नॉर्मल घट, तिचा खर्च चांगल्या मालावरच बसतो, त्याच्यावर जे जाईल ते अ‍ॅबनॉर्मल, ते वेगळं काढून नफातोट्याला टाकायचं. इथं घट नेहमीएवढीच होती. मग शेडमध्ये गेले तर भिंतीला पोत्यांची थप्पी, पहिला राऊंड झालेली, दुसरा बाकी.

आकडे सोपे करून सांगते. घट सोडून 10,000 किलो माल, त्यातला 8,000 पुरा होऊन ग्राइंडिंगला गेला, 2,000 अर्धवट. मजुरी, वीज, मेंटेनन्स मिळून 45,000 रुपये आणि ते सगळे भागले होते 8,000 नी! अहो त्या थप्पीवर पण लोक राबलेत की. 2,000 किलोवर निम्मं काम म्हणजे 1,000 किलो पूर्ण मालाएवढं, एकूण 9,000 इक्विव्हॅलंट युनिट, किलोला बरोबर 5 रुपये. कच्ची हळद मात्र सुरवातीलाच ड्रममध्ये पडते, म्हणून मटेरियलला तोच माल 100 टक्के धरायचा, हे 50 आणि 100 टक्के कधीच एकत्र करू नका.

मागची रजिस्टरं काढली तर दर सीझनला तेच, मार्च महाग, एप्रिल स्वस्त, कारण त्या थप्पीचा निम्मा खर्च आधीच मार्चच्या मालावर पडलेला आणि एप्रिलला फुकटात मिळाल्यासारखा. शेठनी स्वतः कॅल्क्युलेटर घेतला, दोनदा केलं आणि मामांना म्हणाले, "बसा मामा, चहा घ्या." बोनस पूर्ण दिला.

आता महिनाअखेरीला कुठल्या लॉटचं किती काम झालं ते मामाच लिहून देतात, माझ्यापेक्षा त्यांनाच ते नीट कळतं. दुसऱ्या राऊंडला वीज कमी लागते असं त्यांचं म्हणणं आहे, तसं असेल तर वीजेला 50 टक्के धरून चालणार नाही, म्हणून ड्रमला वेगळा मीटर बसवतोय.