मॉरिशसचा सातबारा

विमानतळावरून हॉटेलकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग. साधेसुधे नव्हेत, पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले, दोन पुरुष उंचीचे. बसमधल्या एका काकांनी ‘हे मंदिर कुठलं?’ म्हणून विचारलंच. गाइडने माइकवरून सांगितलं, की बेट ज्वालामुखीचं, जमिनीत दगडच दगड; ऊस लावायचा तर आधी ते वेचायचे. मग हसत म्हणाला, ‘तुमच्याच लोकांनी वेचलेत. भरती करणाऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं, तिकडे दगड उलटला की खाली सोनं सापडतं.’ सगळी बस हसली. मला हसू आलं नाही, पण तेव्हा त्याचं कारण रात्रभराचं जागरण एवढंच होतं.

पुढचे दिवस पॅकेजवाल्यांचे. नॉर्थ टूर, साउथ टूर, सात रंगांची माती, इल ओ सेर्फवर पॅरासेलिंग आणि रोज रात्री ‘इंडियन डिनर’ म्हणून तीच पिवळी डाळ, तेच पनीर. संपलं.

पोर्ट लुई शहराला पॅकेजमध्ये जेमतेम दोन तास होते आणि तेही खरेदीसाठी. मंडळी वॉटरफ्रंटच्या दुकानांत शिरली, आम्ही दोघं आप्रवासी घाटावर गेलो, भारतातून आणलेले मजूर जिथे उतरवायचे तिथे. जागतिक वारसा स्थळ म्हणून मनात काहीतरी भव्य असतं. इथे समोर हायवे धडधडतोय आणि मध्ये काळ्या दगडाच्या काही खोल्या, ओटे, न्हाणीघरं. बोटीतून उतरलेल्यांनी चढायच्या सोळा पायऱ्या. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलास’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर आले, तिथपासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं या बेटावर आणली गेली. बहुतेक बिहारकडची, नंतर मद्रासकडची, आणि मुंबई बंदरातून निघालेली आपल्याकडची, कोकणातली आणि घाटावरची. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर आलं नाही तर पगार दोन दिवसांचा कापायचा. करार संपल्यावरही फोटो लावलेला पास जवळ बाळगायचा, नाहीतर भटक्या म्हणून तुरुंगात. त्या काळी फोटो म्हणजे केवढी चैन, आणि या मजुरांचे हजारो फोटो आहेत! सगळे सरकारी, एकाही चेहऱ्यावर हसू नाही.

रविवारी पॅकेजमध्ये ‘ॲट लेझर’ लिहिलं होतं. नवरा ऑल इन्क्लुझिव्ह वसूल करायला पूलवर पसरला आणि मी टॅक्सी करून कास्कावेलच्या विठ्ठलाच्या देवळात गेले. (टॅक्सीचे किती झाले ते नवऱ्याला हा लेख वाचूनही कळणार नाही.) मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत हे आपल्याला ऐकून माहीत असतं. गणेशोत्सवाची तिथे सार्वजनिक सुट्टी असते, शाळेत मराठी शिकवतात, आपली जाखडी तिथे अजून नाचतात. पण टाळ वाजायला लागले आणि समोरच्या आजी ‘सुंदर ते ध्यान’ घडाघडा म्हणायला लागल्या तेव्हा मी जरा हललेच. भजन संपल्यावर त्या आपल्या लेकाशी बोलायला लागल्या ते मात्र क्रिओलमध्ये, तिथल्या फ्रेंचवरून आलेल्या रोजच्या भाषेत, आणि मला अक्षर कळेना. मग माझ्याकडे वळून जुन्या, अडखळत्या मराठीत म्हणाल्या, ‘बाय, तुझा गाव कुठला?’ चिपळूण म्हटलं. नाव ओळखीचं नव्हतं. रत्नागिरी म्हटल्यावर मान हलवली. ‘ते नाव आमच्या बाबांच्या तोंडात होतं.’

तिथून पुढचा दिवस त्यांनी माझ्या हातात ठेवला नाही. आजींचा लेक शाळेत शिक्षक. मला आधी ‘मॅडम’ म्हणत होता, मग हिंदी मालिकांच्या कृपेने ‘दीदी’; मग मीही त्याला ‘दादा’ म्हणायला लागले. ‘रविवारी आम्ही सगळे समुद्रावर जेवतो, चला.’ खरंच तिथे रविवार म्हणजे समुद्र. सुरूच्या झाडांखाली चटया, पातेली, लहान मुलं, एखाद्या झाडाखाली ढोलकरी आणि सेगा नाच. आजींच्या डब्यात पुऱ्या, भात, लाल भोपळा आणि टोमॅटोचं झणझणीत रुगाय. मी भाताचं कौतुक केलं तर दादा म्हणाला, ‘तुमचाच आहे.’ तांदूळ बाहेरचा, गहू बाहेरचा, कांदासुद्धा भारतातून येतो. दिल्लीने निर्यात बंद केली की इथल्या भाजीवाल्याकडे भाव चढतो. इतकी हिरवीगार जमीन, तिच्यावर मैलोन्‌मैल ऊस, आणि जेवण सगळं बोटीने. दोनशे वर्षं या जमिनीने फक्त युरोपच्या चहातली साखर पिकवली. मला हे पानातला भात संपेपर्यंत नीट कळलं नव्हतं.

जेवण झाल्यावर शतपावली म्हणून आम्ही पाण्याच्या कडेने निघालो. आजी, दादा, वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि मी. माझं हॉटेल त्याच किनाऱ्यावर पुढे होतं, मला तिथे सोडायचं आणि पलीकडच्या खडकांवर मुलींना खेकडे दाखवायचे असा बेत. सुरूची झाडं संपली, माडांची रांग आणि पांढऱ्या खुर्च्या सुरू झाल्या, आणि गणवेषातला एक पोरगेलासा गार्ड आडवा आला. माझ्याकडे पाहून हसला, ‘वेलकम बॅक, मॅडम.’ माझ्या मनगटावर हॉटेलची निळी प्लॅस्टिकची पट्टी होती. बाकीच्यांची मनगटं त्याने पाहिली आणि हात आडवा केला.

दादा शांतपणे बोलला. मग जरा कमी शांतपणे. क्रिओलमध्ये काय चाललंय ते कळायला भाषेची गरज नव्हती. कायदा सांगतो, की भरतीच्या रेषेखालची वाळू सगळ्यांची. गार्डला तो कायदा पाठ असणार. त्याला त्याच्या साहेबाने सांगितलेलं त्याहून जास्त पाठ होतं. मी मध्ये पडून ‘माझे पाहुणे आहेत’ म्हणाले तर तो म्हणाला, ‘मग रिसेप्शनला डे पास घ्यावा लागेल.’ किंमतही सांगितली. माझ्या मामीच्या वयाची बाई स्वतःच्या देशातल्या ओल्या वाळूवरून चालणार, त्याचा डे पास. आणि आदल्या आठवड्यात चिपळूणहून आलेली मी फुकट.

आजींनी यावर काय केलं, तर साडी गुडघ्यापर्यंत सावरली आणि लाट पायाला लागेल अशा बेताने सरळ खाली बसल्या. गार्डला म्हणाल्या (दादाने मला नंतर सांगितलं), ‘बस, दाखव मला भरतीची रेघ कुठे आहे ती. ती वर गेली की मी उठते.’ आणि मग मोठ्याने, खुर्च्यांवरच्या लाल झालेल्या गोऱ्यांना ऐकू जाईल असं, ‘लामेर पू तू दिमुन!’ समुद्र सगळ्यांचा. दोन खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या, एका बाईने टॉवेल उचलला आणि ती आत निघून गेली. गार्डने वॉकीटॉकी काढली, पुन्हा ठेवली. शेवटी तोही उकिडवा बसला आणि हळू आवाजात बोलायला लागला. त्याची आई वहिनींच्या माहेरच्या गावची निघाली. ‘काय करू, नोकरी आहे,’ एवढंच परत परत. पाच-दहा मिनिटांनी त्याने मुद्दाम पाठ फिरवली आणि आम्ही सगळे पलीकडे गेलो. मुली खेकडे बघत होत्या, मी मात्र संतापाने लाल.

दादाला माझ्या संतापाची गंमत वाटत होती. खडकावर बसून त्याने मला जमिनीचा धडा दिला, आणि तो मला इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त लागला. फ्रेंचांच्या काळात बेटाभोवतीची सुमारे ८० मीटर रुंदीची पट्टी, तिला ‘पा जिओमेत्रिक’ म्हणतात, किनाऱ्याच्या संरक्षणासाठी राजाच्या नावाने राखली. ती आजही सरकारी आहे. विकता येत नाही, पण लीजवर देता येते. तोफा गेल्या, तिथे हॉटेलं आणि बंगले आले. २०१७ च्या सुमाराला दक्षिणेला पोंपोनेतच्या सार्वजनिक बीचवर हॉटेलसाठी कुंपण पडलं तेव्हा लोक आंदोलनाला उतरले. ‘आरेत कोकें नू लाप्लाज’, म्हणजे आमचे किनारे चोरणं थांबवा, अशा नावाची संघटनाच आहे.

‘आणि पट्टीच्या आतली जमीन?’ मी विचारलं.

‘ती तर कधी हललीच नाही,’ दादा म्हणाला.

१८१० साली इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून जिंकलं तेव्हा तहात कबूल केलं, की फ्रेंच वसाहतवाल्यांची मालमत्ता, कायदे, धर्म यांना हात लावणार नाही. म्हणजे राजा बदलला, मळेवाले तेच. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा नुकसानभरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून जास्त रक्कम आली ती मालकांना. राबणाऱ्यांना छदामही नाही, उलट काही वर्षं ‘उमेदवार’ म्हणून त्याच मालकाकडे सक्तीने काम. तोवर ‘ॲटलास’ येऊन गेलंच होतं. पुढे साखरेचे दिवस पडले तसे मळेवाल्यांनी कडेकडेचे, दगडाळ तुकडे विकायला काढले आणि आपल्या लोकांनी पोटाला चिमटा घेऊन ते विकत घेतले. आजींच्या आजोबांनी घेतला तो एकरभर असाच.

१२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं. सरकार बहुसंख्य भारतीय वंशाच्या लोकांचं झालं, जमीन आणि कारखाने मोठ्या मळ्यांकडेच राहिले. मी कोकणातली, त्यामुळे मला पटकन आठवली ती खोती. आमच्याकडे १९४८-४९ मध्ये कूळकायदा आणि खोती निर्मूलनाचा कायदा झाला. किती भांडणं झाली, किती घरात अजून अबोला आहे, आणि कायद्यातून पळवाटा काढणारे खोतही मी पाहिलेत. पण निदान सातबाऱ्यावरची नावं हलली. मॉरिशसमध्ये झेंडा बदलला, सातबारा तोच राहिला.

एक मात्र लिहायलाच हवं, नाहीतर आजी रागावतील. देश गरीब नाही. शिक्षण फुकट, दवाखाना फुकट, म्हाताऱ्यांना बस फुकट. दरडोई उत्पन्न आपल्या कित्येक पट. त्यात साखरेचाही वाटा होता: १९७५ च्या करारानुसार युरोप ठरलेल्या चढ्या भावाने ती उचलायचं. मग २००६ पासून तीनेक वर्षांत तो भाव ३६ टक्क्यांनी उतरवला. एकेकाळी अडीचशेच्या वर साखर कारखाने होते, आता तीन उरलेत. मोठ्या मळेवाल्यांनी उसाच्या जागी व्हिला, गोल्फ कोर्स आणि ‘स्मार्ट सिटी’ उभारल्या. ३ लाख ७५ हजार डॉलरचं घर घेणाऱ्या परदेशी माणसाला घरासोबत राहण्याचा परवाना मिळतो. दादाच्या एकरात गोल्फ बसत नाही. तोडणीची मजुरीही निघत नाही म्हणून तो ऊस सोडायच्या विचारात आहे.

आणि ज्यांना एकरही मिळाला नाही ते शेजारच्या झाडाखाली ढोल वाजवत होते. गुलामांचे वंशज. दक्षिणेला ल मॉर्नचा डोंगर दिसत होता. पळालेले गुलाम त्याच्या माथ्यावर लपायचे, आणि सुटकेची बातमी घेऊन आलेले शिपाई पकडायला आलेत असं समजून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या अशी कथा सांगतात. आदल्या दिवशी साउथ टूरमध्ये तिथे फोटोसाठी थांबलो होतो. पायथ्याशी पंचतारांकित हॉटेलं आहेत.

‘आमच्या देशाचंच एक बेट भाड्यावर आहे,’ दादा निघताना म्हणाला. चागोस हा हिंदी महासागरातला बेटांचा समूह, त्यातलं एक. १९६५ मध्ये, स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असताना, इंग्रजांनी ती बेटं मॉरिशसपासून तोडली आणि ३० लाख पौंड हातावर ठेवले. १९६८ ते १९७३ च्या दरम्यान तिथले दीड-दोन हजार रहिवासी उचलून बोटीत घातले, कारण त्या समूहातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. त्यातले बरेच पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत येऊन पडले. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही तोडफोड बेकायदा असल्याचं मत दिलं. मे २०२५ मध्ये बेटं परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या, दिएगो गार्सियाचा तळ मात्र ९९ वर्षांच्या लीजवर इंग्रजांकडे. पुन्हा लीजच.

‘तुम्ही कोणतं हॉटेल सुचवाल?’ असं मला हल्ली मैत्रिणी विचारतात. सुचवत नाही. सुट्टी छान गेली, पोहले, झोपले, फुकटची कॉकटेलं प्यायले, तेव्हा मोठा साधूपणाचा आव आणण्यात अर्थ नाही. पण आता गेले तर गावातल्या कुणाची तरी वरची खोली भाड्याने घेईन आणि रविवार समुद्रावर काढीन, डबा घेऊन. निघताना रिसेप्शनच्या टॅबलेटवर मी अभिप्राय म्हणून सगळा प्रकार सविस्तर लिहिला. नवरा मागे उभा राहून ‘विमान चुकेल’ म्हणत होता. घरी पोचल्यावर उत्तर आलं: पाहुण्यांच्या खासगीपणाची आम्ही मनापासून काळजी घेतो, पुढच्या मुक्कामावर आपल्याला १५ टक्के सवलत. मी ते दादाला पाठवलं. त्याने हसण्याचे चेहरे पाठवले आणि विचारलं, सवलत आजीला चालेल का.