आईच्या गोळ्या आणि सातवं प्रकरण

सकाळी लॅपटॉप उघडला, तर दिवसाच्या कामांच्या यादीत सगळ्यात वर लाल अक्षरांत ‘आईच्या गोळ्या आणणे’. मुदत उलटून तीन आठवडे झालेले. पोटात गोळाच आला. आईला फोन लावला. “अरे, डबा भरलाय गोळ्यांनी. तुला काय झालं सकाळी सकाळी?”

मी मॅन्युअलं लिहितो, ऑर्ग मोडमध्ये. कार्स्टन डॉमिनिक नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरसाठी हे सुरू केलं. फाइल अगदी साधी टेक्स्टची. ओळीच्या सुरुवातीला एक तारका आणि मोकळी जागा दिली की शीर्षक, दोन तारका दिल्या की पोटशीर्षक. तारकेनंतर, शीर्षकाच्या आधी ‘टूडू’ लिहिलं की ते झालं काम; त्याला मुदत दिली की ते माझ्या दिवसाच्या यादीतही दिसतं. त्या दिवशी अकरा वाजता नव्या मुलांना हेच शिकवायचं होतं आणि त्यासाठीचं हस्तपुस्तकही मी ऑर्गमध्येच लिहिलं होतं.

छापायला द्यायची पीडीएफ उघडली आणि उलगडा झाला. अनुक्रमणिकेत सातवं प्रकरण: ‘आईच्या गोळ्या आणणे’! हे तर माझंच उदाहरण. ऑर्गने ते खरं न मानता जसंच्या तसं छापावं म्हणून ‘बिगिन एक्झाम्पल’ आणि ‘एंड एक्झाम्पल’ या दोन ओळींच्या कुंपणात मी ते ठेवलं होतं. पण ऑर्गच्या राज्यात शीर्षक सगळ्यांच्या वर. ओळीच्या तोंडाशी तारका दिसली की कुंपण असो नसो, नवं प्रकरण सुरू. मग वरच्या कुंपणाला शेवट सापडत नाही, म्हणून ते निव्वळ मजकूर ठरतं. पीडीएफमध्ये ‘बिगिन’च्या पायाशी ‘एक्झाम्पल’ बारीक अक्षरांत लोंबत होतं, पाण्याच्या सूत्रातल्या दोनसारखं. दोन शब्दांमधल्या अंडरस्कोरची कृपा; त्याच्यापुढचा शब्द ऑर्ग असा खाली उतरवतो.

यावरचा उपाय मला माहीत होता, आणि मी तो केलाही होता. तारकेच्या आधी एक स्वल्पविराम द्यायचा. ऑर्ग ती ओळ शीर्षक धरत नाही आणि छापताना स्वल्पविराम स्वतःच गाळतो. मग तो गेला कुठे?

“सर, ते कॉमे होय? काल मुद्रितं तपासताना काढले मी,” शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली. “ओळीच्या सुरुवातीला कोण कॉमा देतं?”

तिचं काय चुकलं? शुद्धलेखनाच्या नजरेला ती घाणच. दुसरी छोटी उदाहरणं बचावली, कारण त्यांच्या प्रत्येक ओळीआधी मी कोलन आणि मोकळी जागा दिली होती. तिथे तारका ओळीच्या तोंडाशी येतच नाही.

साडेदहा. स्वल्पविराम परत घातले आणि ते का असतात याचा एक परिच्छेद जोडला. त्यात स्वल्पविरामासकट तारका दाखवायची होती. एक दिला, तर छापताना ऑर्गने इमानेइतबारे तो गिळला. म्हणून दोन दिले.

सहकारी मागून वाकून बघत होती. “सर, आता तर दोन झाले.”