गोकाकहून करदंटच आला असेल, असं कोण म्हणालं?

बेळगाव-खानापूर भागातल्या मराठी वर्गात तक्त्याची तर्ककोडी गटाने सोडवून घेताना आम्हाला जे कळलं, ते एका कोड्यावरूनच सांगतो. घरी चार पाहुणे आले : आत्या, मावशी, मामा, काका. गावं चार : खानापूर, निपाणी, येळ्ळूर, गोकाक. प्रत्येकाने एक वस्तू आणली : कुंदा (खव्याची मिठाई), करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई), बासमती, गूळ. कोण कुठून आलं आणि काय घेऊन आलं?

सूत्रं अशी :
१) मामांनी कुंदा आणला.
२) बासमती खानापूरहून आली.
३) निपाणीच्या पाहुणीकडे गूळ नव्हता.
४) मावशी येळ्ळूरची.

गट चौघांचा. सूत्रांच्या चार चिठ्ठ्या कापून प्रत्येकाला एक द्यायची. चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची नाही, फक्त वाचून दाखवायची. नाहीतर हुशार मूल चारही चिठ्ठ्या ओढून घेतं आणि बाकीचे तिघे खिडकीबाहेर बघतात. पेन्सिल गटात एकच, आणि दर खुणेनंतर ती पुढच्याच्या हातात.

तक्ता चौकटींच्या वहीत काढायचा. वर गावं आणि वस्तू, डावीकडे पाहुणे, त्यांच्या खाली पुन्हा वस्तू. चार बाय चारचे तीन खण होतात, म्हणजे ४८ घरं. खालचा वस्तू-गाव खण मुलं काढायलाच विसरतात, आणि अडतं ते तिथेच. मथळ्यात आद्याक्षरं नकोत : मामा-मावशी दोघांचं ‘मा’, आणि काका, कुंदा, करदंट सगळे ‘क’चे. पूर्ण शब्द उभा लिहावा.

जुळलं तर टिक, नाही तर फुली. एका टिकेबरोबर त्याच खणात सहा फुल्या येतात, आडव्या ओळीत तीन आणि उभ्या ओळीत तीन. आडव्या सगळे भरतात, उभ्या राहून जातात. प्रत्येक टिकेशेजारी आणि फुलीशेजारी बारीक अक्षरात सूत्राचा आकडा लिहायला लावावा. चूक निघाली की अख्खा तक्ता खोडावा लागत नाही, आकड्यावरून मागे जाता येतं.

पहिला अडथळा दोन सूत्रं जोडताना येतो. मामांकडे कुंदा, म्हणजे बासमती नाही. बासमती खानापूरची, म्हणून मामा खानापूरचे नाहीत. ही फुली कुठल्याच चिठ्ठीत लिहिलेली नाही. ती सापडेपर्यंत गट थांबतो, आणि थांबू द्यावा. आपण बोट दाखवलं की खेळ संपला.

दुसरा अडथळा ‘पाहुणी’ या शब्दात. मुलं गुळाची फुली मारतात आणि स्त्रीलिंग सोडून देतात. खरं तर त्या एका शब्दाने मामा आणि काका दोघेही निपाणीतून कटतात. मावशी येळ्ळूरची, म्हणून निपाणीची आत्या. तिच्याकडे कुंदा नाही, बासमती नाही, गूळ नाही, उरला करदंट.

आणि इथेच गोंधळ उडतो. आमच्या भागातलं पोर करदंट म्हटलं की गोकाक म्हणणारच, तसं बासमती म्हटलं की येळ्ळूर. बासमतीला दुसरं सूत्र आडवं येतं, पण करदंटाची टिक कुणीतरी गोकाकच्या घरात कधीच मारून ठेवलेली असते. थोड्या वेळाने मामांच्या गावांच्या ओळीत चारही फुल्या दिसतात : गोकाक करदंटामुळे गेलं, खानापूर बासमतीमुळे, येळ्ळूर मावशीमुळे, निपाणी पाहुणीमुळे. मामा आले तरी कुठून? मग आकडे बघायचे. ज्या टिकेशेजारी आकडा नाही, ती कुणाच्या तरी डोक्यातून आलेली. कोडं मुद्दाम असंच रचावं; आंबा-केळी-पेरूवर ही चूक होतच नाही. बरोबर उत्तरात मामा गोकाकचे, काका खानापूरचे, आणि गूळ मावशीचा.

घरी कानडी बोलणारी मुलं गटात ‘अल्ल’ (म्हणजे ‘नाही’) म्हणत फुल्या मारतात. मारू द्याव्यात, कारण मात्र सगळ्यांना कळेल असं सांगायला लावावं.

४० मिनिटांच्या तासात तक्ता आखण्यातच दहा मिनिटं जातात. वेळ उरला तर चौथी चिठ्ठी काढून घ्यावी आणि किती उत्तरं बसतात ते मोजायला सांगावं. आठ बसतात. दोन-तीनवर थांबलेल्या गटाला मामा येळ्ळूरहून आले असं धरून पाहायला सांगायचं.