‘खातं बदललंय’ म्हणे

सांगलीत आमचं हळद-मसाल्याचं छोटं युनिट आहे. पाउच पॅकिंगचं मशीन चीनमधल्या फोशानहून मागवायचं ठरलं, किंमत 18,600 डॉलर. आयात-निर्यातीसाठी लागणारा आयईसी कोड सरकारच्या परदेशी व्यापार खात्याच्या (डीजीएफटी) साइटवर 500 रुपये भरून निघाला. तिथवर सोपं होतं. झोप उडाली ती पैसे पाठवायच्या प्रश्नाने.

पुरवठादाराची अट अशी: 30 टक्के आगाऊ, उरलेले 70 माल लोड व्हायच्या आधी, दोन्ही टीटीने (बँकेतून थेट त्यांच्या खात्यात). म्हणजे मशीनही त्यांच्याच गोडाऊनात आणि सगळे पैसेही त्यांच्याच खिशात! टीटीने गेलेली रक्कम एकदा समोरच्याच्या खात्यात पडली की परत आणणं महाकठीण.

बँकेत साहेब म्हणाले, एलसी (कागदं बरोबर असली की बँकच पैसे देईल, अशी हमी) उघडा. पण आमची एलसीची लिमिटच नव्हती, म्हणून शंभर टक्के मार्जिन, म्हणजे पूर्ण रकमेची एफडी अडकणार. वर इकडच्या-तिकडच्या बँकांचे चार्जेस. शिवाय एलसीत बँक बघते ती कागदं. बिल ऑफ लेडिंग (बीएल), इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट अटीबरहुकूम असली की पैसे सुटले. पेटीत मशीन आहे की भंगार, याच्याशी तिचा संबंध नाही. ज्या यूसीपी 600 नियमांवर एलसी चालते, त्यातच तसं लिहिलंय. मोठ्या सौद्याला मी एलसीच घेईन, पण आमच्यासाठी ती चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होती. (मसाला आमचाच, तरी परवडेना.) पैसे भरून बँकेमार्फत कागद सोडवून घ्यायचं, म्हणजे डीपीचं विचारलं, तर सप्लायरने साफ नाही म्हटलं.

शेवटी न्हावा शेवा बंदरातल्या आमच्या सीएचएने (कस्टममधून माल सोडवणारा एजंट) मार्ग काढला. “आगाऊ 30 द्या, पण बाकीचे बीएलची कॉपी हातात आल्यावरच. आणि लोडिंगच्या आधी तिसऱ्या पार्टीकडून तपासणी.” बीएल म्हणजे माल जहाजावर चढल्याचा पुरावा. कॉपी बघून आपण पैसे भरायचे, मग त्यांनी टेलेक्स रिलीज (मूळ बीएल न दाखवता माल सोडायची परवानगी) द्यायचा. तो आल्याशिवाय माल आपल्याला मिळत नाही. दोघांच्याही हातात काहीतरी राहतं. चार दिवस घासाघीस करून ते कबूल झाले.

तपासणीचे पैसे अंगावर आले, पण वसूल झाले. हळदीची पूड हलकी, उडते. इन्स्पेक्टरने तिथेच मिळालेली हळद घालून मशीन चालवलं, तर 100 ग्रॅमच्या पाउचात कधी 93, कधी 108. ऑगर (पूड मापून सोडणारा स्क्रू) बदलून घेतला, तेव्हा कुठे लोडिंगला हो म्हटलं.

बीएलची कॉपी आली. दुसऱ्या दिवशी मेल: आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, बाकीचे 13,020 डॉलर या नव्या खात्यात पाठवा. इनव्हॉइस तोच, शिक्का तोच, आधीचं सगळं बोलणंही खाली होतं. खातं मात्र तिसऱ्याच देशातल्या बँकेत आणि नावही वेगळ्या कंपनीचं. मी फॉर्म भरायला घेतलासुद्धा होता. बायकोने मेलचा पत्ता मोठा करून बघितला: ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटवलेले. चष्म्याशिवाय सापडणं शक्यच नव्हतं.

पहिल्या कोटेशनवरच्या जुन्या नंबरवर व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या सेल्सवाल्या बाई उडाल्याच. खातं बदललेलंच नव्हतं. कोणीतरी मेलबॉक्समध्ये बसून आमचा सगळा व्यवहार वाचत होतं, फक्त बीएल यायची वाट बघत.

पैसे जुन्याच खात्यात गेले, स्विफ्ट कॉपी (पैसे पाठवल्याचा बँकेचा पुरावा) पाठवली, टेलेक्स रिलीज आला, मशीन आलं. माल सुटल्यावर बिल ऑफ एंट्री (कस्टममध्ये भरलेला आयातीचा कागद) बँकेत देऊन दोन्ही वेळा पाठवलेल्या पैशांशी जुळवून घ्यावी लागते. मी ते विसरलो आणि बँकेचे फोन खात बसलो.

यंदा सुटे भाग मागवले. पैसे पाठवायच्या आदल्या दिवशी बाईंनी आपणहून फोन केला आणि खात्याचे आकडे एकेक करून वाचले. मी इकडे पेन्सिलने टिक करत होतो.